यूसी इंजिनिअरिंग: दहावीतले सी ग्रेड अर्जात समजावायचे की नाही?

मुलगी कॅलिफोर्नियात पब्लिक हायस्कूलला बारावीत आहे, नोव्हेंबरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्ज भरायचाय. नववी कच्ची गेली, पण यूसी जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) नववीचे ग्रेड धरत नाहीत, तेवढं सुटलं. अडचण दहावीची: अल्जिब्रा २ आणि केमिस्ट्री, दोन्ही सेमिस्टरना सी. डी किंवा एफ असता तर विषय पुन्हा घेऊन सुधारता आला असता. सी सुधारत नाही, म्हणून समर स्कूल सुचवू नका. एसएटी ही प्रवेशपरीक्षाही यूसी बघत नाही. अकरावीत प्रीकॅल्क्युलस ऑनर्स आणि एपी (कॉलेज पातळीचा कोर्स) फिजिक्स १, दोन्हींत ए. आता एपी कॅल्क्युलस बीसी चालू आहे.

कम्युनिटी कॉलेजमधून टॅगचा (यूसीत बदलीने प्रवेशाची हमी) रस्ता माहीत आहे (यूसी सांता बार्बराचं इंजिनिअरिंग त्यात नाही), पण तो नंतरचा पर्याय.

दहावी घसरायला आजारपण वगैरे कारण नाही, अभ्यासच कमी पडला. मग हे अर्जातल्या ३५० शब्दांच्या चार उत्तरांपैकी एकात लिहावं, ॲडिशनल कॉमेंट्समध्ये दोन ओळींत उरकावं, की अकरावीच्या ग्रेडनाच बोलू द्यावं? आणि दुसऱ्या मेजरला प्रवेश घेऊन नंतर मेकॅनिकलला बदली, हे यूसी सॅन दिएगो किंवा डेव्हिसला अलीकडे कुणाला जमलंय का?