लसीची वाट बघताना तुमचं काय चाललंय?

पुणे, २७ मे २०२१

आईच्या कालनिर्णयवर १८ मेला निळ्या पेनाने गोल होता. पहिला डोस ३० मार्चला झाला, दुसरा सहा ते आठ आठवड्यांनी, त्या हिशेबाने तिनेच काढलेला. १३ मेला बातम्यांत सांगितलं की कोविशील्डचं अंतर आता बारा ते सोळा आठवडे. आईने टीव्ही बंद केला, बोटांवर मोजत बसली, मग पान उलटून २२ जूनला नवा गोल काढला. "चौऱ्याऐंशी दिवस! एवढ्यात गोधडी होते," म्हणाली. माळ्यावरचं जुन्या साड्यांचं बोचकं अर्थातच मला काढावं लागलं.

मी ४१ची, म्हणजे १८ ते ४४च्या गटातली. आमचं लसीकरण १ मेला सुरू झालं आणि १२ मेला राज्य सरकारने थांबवलं, कारण लसच नाही. घरून काम, सात ते अकरात वाणसामान, उरलेला वेळ गॅलरी. समोरच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबटाच्या जोडीने एप्रिलात ढोली कोरली. एरवी दिवसभर टुक टुक करणारा हा पक्षी कोरताना अगदी चिडीचूप. नुसतं चोचीचं खरवडणं ऐकू यायचं आणि खाली शेजाऱ्यांच्या गाडीवर भुसा. शेजारी सुताराला शोधत होते. मी काही बोलले नाही. आता नर-मादी आळीपाळीने उंबरं आणतात. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद का असतो, त्याचं कारण हे.

तुम्ही लिहा. लस मिळालेली असो-नसो. छंद सांगण्यासारखाच असला पाहिजे असं काही नाही.

ठाणे

गेल्या वर्षी पाव केले, सगळ्यांनी केले तसे. यंदाचा छंद स्लॉट. टेलिग्रामवरचा ग्रुप वाजला की ओटीपी, कॅप्चा, पिनकोड. हिरवा आकडा दिसायचा, बोट टेकेपर्यंत शून्य. नवव्या दिवशी मुरबाड तालुक्यातल्या एका केंद्रावर मिळाला. गाडी काढून गेलो. तिथे गावातली माणसं कमी आणि ठाणे-डोंबिवलीच्या गाड्या जास्त. कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. म्हणाले, "आमच्या पोरांकडं साधा फोन हाय. त्यांनी कुठं टोचायची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लस घेतली, अर्धा तास बसलो, परत आलो. हे घरी अजून नीट सांगितलेलं नाही, इथे लिहितोय.

नागपूर

माझा छंद कॅप्चा. कुठला शून्य आणि कुठला ओ, झोपेतही सांगेन. लस नाही मिळाली. लेकाची दहावीची परीक्षा २० एप्रिलला रद्द झाली, तेव्हापासून तो मला रोज बुद्धिबळात हरवतो. दोघांचीही प्रगती काही नाही.

वाई

माझं वय ७१, दोन्ही डोस एप्रिलच्या मध्यातच झाले. तेव्हा वाट बघण्यावर तुम्ही बोलू नका, असं सौ.चं म्हणणं. पण मुलाचा आणि सुनेचा नंबर नाही, म्हणून आम्हीही घरातच.

मी मोडी शिकतोय. पणजोबांचे कागद पत्र्याच्या पेटीत होते आणि त्यात इनामाची सनद आहे, अशी आमच्या घरात तीन पिढ्यांची समजूत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. शब्द तोडलेले नसतात. ऱ्हस्व-दीर्घ तर कुणी पाळतच नाही. (पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत वेलांट्यांना लाल शाई केली, त्याचं हे उट्टं असावं.) तीन आठवडे भिंग घेऊन बसलो. सनद वगैरे काही नाही. निघाला तो शके १८२५चा, म्हणजे १९०३-०४चा, खर्चाचा कागद. बांबू, सुंभ, गवताचे भारे, गाडीभाडं. चौथ्या ओळीतला एक शब्द चार दिवस लागेना. सौ. मेथी निवडत होती, तिला बाकीचं वाचून दाखवलं तर म्हणाली, "अहो, झोपडी बांधताहेत ना? मग तट्ट्याच आणणार!"

तट्ट्याच होत्या. सोळा.

प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहत, हे लहानपणी ऐकलेलं. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली, म्हणजे पणजोबांच्या वेळी लस होती. त्यांनी घेतली की नाही, कागदावर नाही. गाडीभाडं मात्र दोनदा लिहिलंय, जातानाचं आणि येतानाचं. येतानाचं निम्मं आहे. सौ.ने मेथी तशीच बाजूला ठेवली.

देवगड

आमच्या कलमांना लॉकडाऊन कळत नाही हो. हंगाम होता तसाच होता, गाड्या तेवढ्या मिळत नव्हत्या. त्यात १६ मेला तौक्ते. रात्रभर आंबे पडल्याचे धपधप आवाज, उजाडल्यावर कातळावर सडा. वीज सहा दिवस नाही, फोनला रेंज नाही, त्यामुळे तुमचं ते ओटीपीचं दुखणं आम्हाला नव्हतंच! पडलेला माल असा की ना धड कैरी ना धड आंबा. पिकत घातला तर कुजतो, लोणच्याला घेतला तर गोडसर लागतो. त्याचा मुरांबा केला. मग आणखी मुरांबा केला. सासूबाईंना म्हटलं, लसीसाठी नाव घालायचंय तुमचं. तर म्हणाल्या, "आधी ही बरणी धर." वाईच्या सरांना सांगते, तट्ट्या आमच्या मांगराला अजून आहेत. म्हणजे वादळापर्यंत होत्या.

सोलापूर

बाबांच्या दुसऱ्या डोसची तारीख २० एप्रिल होती. ते १४ला गेले. जुने रेडिओ दुरुस्त करायचे. एक खिडकीत उघडा पडलाय. मी रोज सोल्डरिंग गन हातात घेतो आणि परत ठेवतो.

पुणे

दादा, वाचलं. असू दे तो तसाच उघडा.

रेडिंग, इंग्लंड

इथे ४५च्या वरच्यांना नोंदणी १३ एप्रिलला खुली झाली, नेमका पाडवा. मी ४६ची. दोन दिवसांत टोचून घेतली, तुमची कोविशील्डच, इथे ॲस्ट्राझेनेका म्हणतात. नाशिकला आई ७४ची, तिचा दुसरा डोस अडकलेला. फोनवर सांगतानाही चोरी केल्यासारखं वाटलं. २३ एप्रिलपासून भारत लाल यादीत, म्हणजे जाऊन येणं जवळपास संपलंच. मग रोज आमच्या दुपारी तीनला, म्हणजे तिच्या संध्याकाळी साडेसातला, व्हिडिओवर भजन. माझ्याकडे पेटी, तिच्याकडे टाळ. मी समेवर येते, तिचा टाळ दोन मात्रांनी नंतर. आधी मी थांबून घ्यायचे, तर ती आणखी मागे. आता दोघी आपापलं म्हणतो. धाकटा म्हणतो, आजीच्या गाण्याला एको आहे.

बीड जिल्हा

मी टोचणारी आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात. कोविशील्डच्या एका वायलमध्ये दहा डोस. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर उरलेलं फेकायचं. म्हणून दहा माणसं जमल्याबिगर उघडत नाही. शहरात रांगा लागल्यात म्हणता, आमच्या एका वस्तीवर मागच्या आठवड्यात सातच आले. एक मावशी दारातूनच परत गेली, "ताप येतोय म्हणं, खुरपायला कोण जाईल?" बसलेले सात जणं माझ्याकडं बघतेत आणि मी रस्त्याकडं.

अशा वेळी मी क्रोशा काढते. तोरण घेतलंय करायला, पर्समध्येच असतं. पाच फुलं झाली तेव्हा आशाताई शेतातून दोघींना घेऊन आल्या. नऊ. सहावं फूल अर्धं झालं, तेवढ्यात एकाचा भाऊ त्याला डबा द्यायला आला. वय विचारलं, सत्तेचाळीस. त्याला म्हटलं, डबा ठेवा, आधार कार्ड आहे का खिशात? होतं. वायल उघडली.

ठाण्याच्या दादा, आजोबा बोलले ते खरंच आहे, साधा फोनवाल्यांचं कुणीच बघितलं नाही. पण तुम्ही कितवे होता त्या दिवशी? दहावे असाल, तर तुमच्या आधीचे नऊ तुमचीच वाट बघत बसले असतील.

ठाणे

विचारलंच नाही, ताई. पण पोचल्यावर सिस्टर "आला एकदाचा" म्हणाल्या होत्या.

पुणे, २३ जून

आईचा दुसरा डोस काल झाला. दंड दुखतोय म्हणून आज सुईला सुट्टी. गोधडी झालेली नाही. मधली दोन ठिगळं निळ्याशेजारी निळी आली म्हणून तिने सगळा धावदोरा उसवला आणि पहिल्यापासून घातला, त्यात बारा दिवस गेले. तांबटाची पिल्लं उडाली. ढोलीत आता एक साळुंकी डोकावून जाते, पण आत शिरत नाही, भोक तिला लहान पडतं. मलाही शुक्रवारचा स्लॉट मिळालाय. आईने लगेच कालनिर्णयचं पान उलटलं आणि पुढचे चौऱ्याऐंशी दिवस मोजायला घेतले. म्हणते, तेवढ्यात काठ होईल.