नागपूर : आईबाबांच्या पिल्लाला जंत, मदत हवी

नमस्कार मंडळी,
प्रतापनगरला आईबाबांनी दीड महिन्याचं गावठी कुत्र्याचं पिल्लू ठेवून घेतलंय. पोट ढोलकीसारखं फुगलंय आणि पाठीवरून हात फिरवला की हाडं लागतात. काल ओकलं, त्यात शेवयांसारखे दोन पांढरे जंत निघाले. आई फार घाबरली. बाबा म्हणून राहिले, मेडिकलमधून लहान मुलांचं जंताचं औषध आणून पाजतो, काय होते? घरात चार वर्षांची भाची आहे, दिवसभर पिल्लाला कडेवर घेऊन फिरते. मी मेलबर्नमधून फोनवर काय सांगू?

---

ताई,
मी सध्या नागपुरातच आहे, आईकडे, गोपालनगरला. पहिले बाबांना थांबवा. मुलांच्या त्या औषधात बहुतेक अल्बेंडाझोल असतं. कुत्र्यांमध्ये त्याने बोन मॅरोला इजा होऊन रक्तपेशी घटू शकतात. अंदाजे चमचाभर तर मुळीच पाजू नका.

शेवयांसारखे ते गोलकृमी. बाहेरचं काही खाल्लं म्हणून झाले, असं आईंना वाटत असेल तर तसं नाही. कुत्रीच्या अंगात या जंतांच्या अळ्या दडून असतात. ती गाभण राहिली की जाग्या होतात, पोटातल्या पिल्लांमध्ये उतरतात आणि पुढे दुधातूनही जातात. तुमचं पिल्लू जंत घेऊनच जन्माला आलं असणार. म्हणूनच एका डोसवर भागत नाही. औषधाने आतड्यातले जंत मरतात, पण अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात येऊन मोठ्या होतात. दोन आठवड्यांचं झाल्यापासून 8 आठवड्यांपर्यंत दर 15 दिवसांनी, मग 6 महिन्यांचं होईस्तोवर दर महिन्याला आणि पुढे दर 3 महिन्यांनी, असा क्रम धरा.

हे इतकं कळकळीनं सांगतेय, कारण गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणातलं पिल्लू यातच गेलं. पहिला डोस दिला, दुसरा राहून गेला. एक दिवस शी डांबरासारखी काळी झाली. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. अंकुशकृमी होते, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्या अळ्या वाळून मरतात, पण मृगाचा पाऊस पडला की आपली काळी माती ओली राहते आणि आठवडाभरात अळ्या तयार होतात. त्या पायाच्या कातडीतूनही शिरतात.

डोस वजनावर असतो. या जंतांवरचं औषध म्हणजे पायरँटेल, ते किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा. आमच्या आताच्या पिल्लाला मी कापडी पिशवीत बसवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं, 1 किलो 900 ग्रॅम भरलं. आम्ही घरी 3 किलो धरून बसलो होतो! तुमच्या पिल्लाला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा, विष्ठेचा नमुना छोट्या डबीत सोबत न्या.

भाचीला पिल्लापासून तोडू नका. गोलकृमीची अंडी ताज्या शीतून लागत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे राहिल्यावर ती धोक्याची होतात. मग मात्र वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईललाही दाद देत नाहीत. म्हणून शी रोजच्या रोज उचला आणि जेवणाआधी पोरीचे हात साबणाने धुवा. पोटात गेलेली अळी मुलांच्या डोळ्यापर्यंत पोहोचू शकते, यात हयगय नको.

---

दादांनी काल बाबांना आणि पिल्लाला गाडीवर तिथे नेलं. पिल्लाचं वजन 2 किलो 100 ग्रॅम भरलं. औषध पाजलं, रात्री बरेच जंत पडले. आईने पुढची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलीय. अजून एक, फाटकाजवळच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळते. त्यालाही हेच द्यायचं का?

---

नाही ताई, ते पट्टकृमीचे तुकडे. ते पायरँटेलने जात नाहीत, प्रॅझिक्वांटेल लागतं. आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा काढा. अंग चावताना तो पिसू गिळतो आणि जंत तिच्यातूनच पोटात जातो. पिसवा राहिल्या तर तीन आठवड्यांत पुन्हा तेच दाणे दिसतील.