केवळ केरकचरा नव्हे

‘अपरिपक्व लाल रक्तपेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कुपिका (पटलाने वेढलेल्या इवल्या पिशव्या) म्हणजे पेशीने टाकलेला केरकचरा’ हे विधान अर्धेच खरे आहे. 1983 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या रेटिक्युलोसाइटवर, म्हणजे अशाच अपरिपक्व लाल रक्तपेशींवर, काम करताना पाहिले की, पेशी पक्व होत असताना लोह आत घेण्यासाठी लागणारी ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाची प्रथिने या कुपिकांवाटे बाहेर जातात. त्याच वर्षी अमेरिकेतील सेंट लुइसमधील संशोधकांच्या गटालाही उंदराच्या पेशींत हेच आढळले. हिमोग्लोबिन तयार करण्याचे काम संपत आल्यावर लोहाचे दार काढून टाकणे सयुक्तिकच म्हणायचे.

पण यात निवड आहे, आणि प्रथिनांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो तो इथेच. पेशीला लवचिक आकार देणारे स्पेक्ट्रिन हे प्रथिन मागे राहते, रिसेप्टर मात्र कुपिकेत जातो. सरसकट झाडलोट असती तर असा भेद दिसला नसता. अडचण आहे ती नमुन्याच्या शुद्धतेची. कुपिका वेगळ्या करण्यासाठी नमुना सुमारे 1,00,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) बलाने फिरवल्यावर नळीच्या तळाशी जो इवलासा थर बसतो, त्यात थोड्या जरी पेशी फुटल्या असतील तर हिमोग्लोबिन मिसळते आणि मास स्पेक्ट्रोमीटर या प्रथिने ओळखणाऱ्या यंत्रात त्याच्या गलक्यात विरळ प्रथिने हरवतात. म्हणून नुसती सापडलेल्या प्रथिनांची लांबलचक यादी पाहून मी तरी हुरळून जात नाही.

प्लाझमोडियम व्हायवॅक्स हा मलेरियाचा परजीवी प्रामुख्याने रेटिक्युलोसाइटमध्येच शिरतो, त्यामुळे बाधित पेशींच्या कुपिकांत परजीवीची कोणती प्रथिने सापडतात, हे तपासणे लसीच्या दृष्टीनेही उपयोगाचे आहे.