मदत हवी आहे: बिनतारी मिडी क्लॉकचे ठोके गर्दीत गळतात

सोलापूरच्या गड्डा जत्रेतल्या कार्यक्रमासाठी कीबोर्डचा मिडी क्लॉक (वाद्यांना एका लयीत ठेवणारे ठोक्यांचे संदेश) १२ मीटरवरच्या ड्रम मशीनला बिनतारी पाठवायचाय. मधून लोकांची वाट आहे, केबल टाकता येत नाही. दोन्हीकडे आर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि एनआरएफ२४एल०१+ रेडिओ मॉड्यूल. एका मात्रेला २४ ठोके, म्हणजे १२० टेम्पोला दर २०.८ मिलिसेकंदांनी एक.

घरात चोख चालतं, गर्दीत बिघडतं. ऑटो-अ‍ॅक (पोच आली नाही तर मॉड्यूल आपोआप पुन्हा पाठवतं) चालू ठेवलं तर १.५ मिलिसेकंदाच्या अंतराने १५ फेरप्रयत्न. तेवढ्यात पुढचा ठोका येऊन थडकतो नि ताल लंगडतो. बंद केलं तर गळलेला ठोका गेलाच, मशीन कायमचं मागे.

३.३ व्होल्टला वेगळा रेग्युलेटर, मॉड्यूलच्या पायांशीच १०० मायक्रोफॅरड, २५० केबीपीएस, चॅनेल ८०, अँटेना डोक्यांच्या वर, सगळं करून झालं. गळती कमी झाली, थांबली नाही. तारेने जोडल्यावर बिनचूक चालतं, म्हणजे मिडी इनपुटवरच्या ६एन१३८ ऑप्टोकपलरचा दोष नाही. ब्लूटूथ, लॅपटॉप नकोत.

आता ठोक्यांना ० ते ९५ क्रमांक देऊन रिसीव्हरवर स्वतःचा टायमर चालवतोय. चूक एकदम दुरुस्त केली तर ठेका उडी मारतो. दर ठोक्याला चुकीचा आठवा हिस्साच दुरुस्त केला तर गायकाने लय वाढवल्यावर मशीन रेंगाळतं. हा हिस्सा किती ठेवता? आणि सलग किती ठोके गळेपर्यंत टायमरवर विसंबायचं?