नाशिक, इंदिरानगर : आईबाबांच्या घरातल्या किरकोळ दुरुस्त्यांसाठी भरवशाचा माणूस कसा शोधायचा?

मृण्मयी_बंगळूर
नमस्कार. आईबाबा इंदिरानगरला दोघंच असतात. इमारत जुनी, त्यामुळे सतत काही ना काही निघतं. सध्या तीन कामं अडलीत. फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये पाणी झिरपत राहतं, बाथरूमचं दार खाली घासतं आणि गिझरच्या सॉकेटभोवती काळं पडलंय. मागे नळ गळतो म्हणून बोलावलेल्या माणसाने अख्खा नळ बदलला. वर दारासाठी आगाऊ पैसे घेतले, "उद्या येतो" म्हणून गेला आणि आता फोन उचलत नाही. बाबा म्हणतात, राहू दे, टाकीचा कॉक बंद ठेवतो आणि बादलीने पाणी टाकतो. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी बादल्या उचललेल्या मला नको आहेत. नंबर नकोत, पण अशी माणसं शोधायची कुठे आणि पारखायची कशी, ते सांगा.

पंचवटीकर
सोसायटीचा पंप आणि गच्चीवरची टाकी कोण बघतं, ते सेक्रेटरींना विचारा. त्या माणसाचं सोसायटीत येणं-जाणं कायमचं असतं, त्यामुळे तो एका घराचं काम अर्धवट टाकून जात नाही. आमच्याकडे प्लंबर असाच मिळाला.

हार्डवेअरवाले_काका
ताई, माझं सिडकोत हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नाव देत नाही, जाहिरात करायची नाही. पण काउंटरच्या आत उभं राहून कारागीर चांगला कळतो, म्हणून लिहितोय.

जुना काढलेला भाग खिशातून काढून काउंटरवर ठेवतो आणि "याच्या मापाचं द्या" म्हणतो, तो माणूस धरून ठेवा. नुसतं "नळ द्या, भारीतला" म्हणून वर बिल वाढवून मागतो, त्याच्या गिऱ्हाइकाची मला काळजी वाटते. तुमच्या नळाचं बहुतेक वायसर किंवा स्पिंडल गेलं असणार. वायसरला पन्नासची नोटसुद्धा मोडावी लागत नाही. म्हणून सामान आणि मजुरी कायम वेगळी ठेवा. कारागीर दुकानात आला की दुकानदाराला फोनवर घ्या, बिलाचा फोटो मागा आणि सामानाचे पैसे थेट दुकानदाराला यूपीआय करा. मजुरी काम झाल्यावर. जुना भाग घरीच ठेवून जायला सांगा. याला चांगला कारागीर कधीच नाही म्हणत नाही.

मजुरीत मात्र घासाघीस करू नका, हे मी कळकळीने सांगतो. "दहा मिनिटांचं काम, त्याचे एवढे?" असं लोक सर्रास बोलतात. त्या दहा मिनिटांसाठी तो मोठ्या साइटवरून उठून, पेट्रोल जाळून आलेला असतो, दुकानात ताटकळलेला असतो. किरकोळ कामाला माणसं मिळत नाहीत ती यामुळेच. दोन-चार बारीकसारीक कामं साठवून एकदम बोलवा, म्हणजे त्यालाही परवडतं.

पण तुमची तिन्ही कामं एकाच माणसाला देऊ नका. फ्लशला प्लंबर, दाराला सुतार. गिझरला आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियनच हवा. वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड केलाय का, हे स्पष्ट विचारा, संकोच करू नका. सातपूरला सरकारी आयटीआय असल्याने आपल्याकडे अशी मुलं मिळतात. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांची ओळख असते.

दाराला पावसाळ्यात रंधा मारून घेऊ नका. लाकूड ओलाव्याने फुगलेलं असतं, आत्ता तासलं तर उन्हाळ्यात फट पडते. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत का बघायला सांगा. ते ढिले असले की कडीच्या बाजूचा खालचा कोपरा घासतो, दाराचा काही दोष नसतो. स्क्रू बघायच्या आधीच रंधा काढणारा सुतार मी तरी घरी पाठवणार नाही.

मृण्मयी_बंगळूर
काका, खूप आभार. गिझर तोपर्यंत वापरला तर चालेल का? आणि फ्लशचं नेमकं काय बिघडलंय ते माणूस यायच्या आधी कळेल का? परत कोणी अख्खी टाकी बदलायला लावू नये.

हार्डवेअरवाले_काका
गिझर आजपासून बंद. बाबांना त्या प्लगला हात लावायला सांगू नका, त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला खटका, खाली पाडून ठेवायला सांगा. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो. सॉकेट 6 अँपिअरचं असेल तर तापणारच. 16 चं असलं तरी आतली पकड ढिली झाली की तिथे जळतं. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, नुसतं एक बदलून पुन्हा तेच होतं. वायरचं जळलेलं टोक कापून नवीन जोड घ्यायला लावा आणि वायर किती जाडीची आहे तेही बघायला सांगा.

फ्लशसाठी कपड्यांची नीळ घ्या. टाकी भरली की थोडी आत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं पाणी उतरलं तर आधी टाकीत बघा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाशी आलेलं असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगा, खाली घ्यायचा आहे. पातळी त्याच्या खाली असून रंग उतरला तर तळाच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे डिस्चार्ज व्हॉल्व्हचं, वायसर गेलंय. दोन्हींत टाकी बदलायची गरज नसते.

मृण्मयी_बंगळूर
बाबांनी लगेच करून बघितलं. पाणी नळीच्या बरंच खाली आहे आणि कमोडमध्ये निळं उतरलं.

हार्डवेअरवाले_काका
मग वायसर. झाकण उघडून आतल्या व्हॉल्व्हचा आणि टाकीवरच्या कंपनीच्या नावाचा फोटो काढून ठेवा, माप कंपनीप्रमाणे बदलतं. प्लंबरला फोनवरच सांगा, "डिस्चार्ज व्हॉल्व्हचं वायसर बदलायचंय, मजुरी किती?"