गडद निळ्या भिंतीवर चट्टे, पेंटर उद्या येतोय, लवकर सांगा!

मोगरी
बेडरूमला गडद निळा दिला. दोन हात झाले तरी चट्टे दिसताहेत, शिवाय रोलरचे पट्टे. दुकानदार म्हणाला होता दोन हातांत होतं. पेंटर म्हणतो तिसरा मारतो, पण पैसे वेगळे. देऊ का सरळ शेडच बदलू? उद्या सकाळी ९ ला तो दारात असेल. "निळा का घेतलात" सोडून काहीही सांगा.

सुतळीबॉम्ब
फोटो? मॅट की चकाकणारा लस्टर? प्रायमर कुठला? चारही भिंती की एकच?

ठाणेकर_भाऊ
निळा का घेतलात? आग्नेयेला निळा नको म्हणतात. बेडरूम कुठल्या दिशेला आहे?

मोगरी
मॅट. चारही. प्रायमर पांढरा, पेंटरनेच आणलेला. फोटोत सगळं काळंच येतंय. दिशा माहीत नाही आणि जाणून घ्यायचीही नाही.

न्यूजर्सी_नाना
चारही? धाडसी आहात. खोलीत पिवळे दिवे असणार, म्हणून काळं दिसतंय. गडद निळ्यावर पिवळा उजेड पडला की तो मेलाच. ४००० केल्विनचा, म्हणजे पांढरट उजेडाचा, बल्ब लावून बघा. इथे आम्ही आधी सॅम्पलचा छोटा डबा आणून दिवसा-रात्री बघतो, मग ठरवतो.

मोगरी
नाना, रंग मारून झालाय!

अर्धा_इंजिनिअर
तिसरा हात लागणारच, त्यात पेंटर फसवत नाहीये. गडद शेड डीप बेसमध्ये बनते, बेस म्हणजे दुकानात ज्यात शेड मिसळतात तो मूळ रंग. डीप बेसमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरं रंगद्रव्य, अगदी कमी, आणि खालचं झाकायची ताकद मुख्यतः त्याचीच. प्रायमर करडा टिंट करून घेतला असता तर कदाचित एक हात वाचला असता. पट्ट्यांचं कारण वेगळं. काम चालू असताना पंखा चालू होता का? पंख्याखाली रंग भराभर सुकतो, मग रोलरच्या पुढच्या पट्टीला ओली कड मिळतच नाही. एक भिंत धरली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये चहा नाही. कडा ब्रशने आज आणि रोलर उद्या असंही नको, भोवती चौकट उमटते. दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र ढवळून घ्या.

खटपट्या
एवढं कशाला? वरून लस्टर मारा. मॅटवर हात टेकला की घासा दिसतो. आमच्याकडे पलंगामागे डोकी टेकून टेकून भिंत चकचकीत झालीये.

अर्धा_इंजिनिअर
लस्टरवर पुट्टीचा एकेक उंचवटा दिसेल, रात्री दिवा लावला की तर विचारूच नका.

खटपट्या
पुट्टी नीट घासली असेल तर नाही दिसत.

अर्धा_इंजिनिअर
घासली असेल तर!

कोकणातला_काका
आमच्या माजघराला चुन्यात नीळ घालून हात देत. कधी पट्टा दिसला नाही.

सुतळीबॉम्ब
काका, चुना पांढरा. त्यात घालून घालून नीळ किती घालाल? रंग आकाशीच येणार, नेव्ही नाही. मोगरी, चट्टे सगळीकडे आहेत की एकाच ठिकाणी?

कोकणातला_काका
जोधपूरची घरं बघितलीत का? तिथेही चुन्यातलाच निळा.

मोगरी
पट्टे सगळीकडे. चट्टे एकाच भिंतीला, गुडघ्याच्या खाली. पांढुरकी भुकटी येते, फडक्याने पुसली की जाते, परत येते. त्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे. का?

सुतळीबॉम्ब
अहो ताई, हे आधी सांगायचं! पाणी झिरपतंय. भिंत वाळते तसे आतले क्षार बाहेर येतात. क्रीम रंगावर तुम्हाला पत्ताही लागला नसता. दहा हात मारलेत तरी ते वर येणार. आत्ताच प्लास्टिकचा तुकडा तिथे चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा.

खटपट्या
वॉटरप्रूफ प्रायमर मारा. आमच्याकडे मारला, विषय संपला.

अर्धा_इंजिनिअर
कधी मारला?

खटपट्या
दिवाळीत.

अर्धा_इंजिनिअर
म्हणजे पावसाळा अजून बघायचाय. पाणी मागून दाबतंय आणि तुम्ही पुढून थर चढवताय, थर फुगून पापुद्रे निघतील. दुरुस्ती बाथरूमच्या बाजूने. टाइलच्या फटी, जाळीभोवतीची जागा, भिंतीतला पाइप, याच क्रमाने बघा.

मोगरी
प्लास्टिक लावलं. पेंटरला काय सांगू ते बोला.

सुतळीबॉम्ब
तीन भिंतींना तिसरा हात, पंखा बंद ठेवून. चौथीला हात लावायचा नाही. पैसे तीन भिंतींचेच ठरवा. चौथी पूर्ण वाळली की सुटलेलं खरवडून पुट्टी, प्रायमर, मग रंग. डब्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. शेड नंबर, बेस, बॅच, सगळं दिसायला हवं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच मारा, नुसता डाग टच-अप केलात तर नवा डाग तयार.

मोगरी
ओके. प्लंबर शोधते.

चकली_भाजणी
याच धाग्यावर विचारते, किचनच्या ट्रॉल्या निळ्या करायच्यात. ऑइल पेंट की ड्युको?

सुतळीबॉम्ब
वेगळा धागा काढा. आणि ट्रॉल्या प्लायच्या की स्टीलच्या, ते पहिल्याच ओळीत लिहा.