रेकॉर्डिंगचा आवाज तडतडतोय – मदत हवी

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या कार्यक्रमाच्या नांदीचं रेकॉर्डिंग शनिवारी आहे. मंडळाच्या लॅपटॉपवर आता उबुंटू २४.०४ (लिनक्स) आहे. देणगीत आलेला स्कार्लेट टू-आय-टू (थर्ड जनरेशन), म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, लावला की पेन ड्राइव्हसारखं फोल्डर उघडतं. आवाज येतो, पण तडतडतो, आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो. लिनक्सचा ड्रायव्हर कुठून उतरवायचा?
– सांस्कृतिक समिती

---

सरळ विंडोज टाका परत. शनिवार तोंडावर आलाय.
– खजिनदार

---

खजिनदारसाहेब, थांबा जरा.

ताई, ड्रायव्हर उतरवायचाच नाहीये, तो कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. स्कार्लेटचे खास कंट्रोल कर्नल ६.७ पासून आपोआप चालू असतात, आणि २४.०४ मध्ये ६.८ किंवा त्यापुढचा आहे. फोल्डर उघडतं कारण डबा अजून नव्या ग्राहकाच्या स्टोरेज मोडमध्ये आहे, म्हणजे पेन ड्राइव्हचं सोंग घेतोय. यूएसबी काढा, डब्यावरचं ४८ व्ही बटण दाबून धरा आणि तसंच धरून परत जोडा. मग बटण सोडून एकदा काढून घाला. फोल्डर गेलं पाहिजे.

तडतडीचा संशय मला यूएसबी हबवर (एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या जोडावर) आहे. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी -टी’ (lsusb -t) द्या, काय कशाला जोडलंय ते दिसेल. डबा हबच्या खाली दिसला तर केबल थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा. मग ‘पीडब्ल्यू-टॉप’ (pw-top) चालू ठेवून कुणाला तरी गायला लावा. ‘ईआरआर’ (ERR, चुका) रकान्यातला आकडा चढत असेल तर लॅपटॉप वेळेत बफर (आवाजाचा छोटा साठा) भरू शकत नाहीये. तसं असेल तर वायफाय आणि ब्राउझर बंद करा, चार्जर लावा. आकडा जागचा हलत नसेल आणि तरी तडतडत असेल, तर बहुतेक गेन (माइकची पातळी) जास्त आहे. नॉबभोवतीची कडी लाल होते का बघा.

उशीर हा बिघाड नाही. १०२४ फ्रेमचा (आवाजाच्या नमुन्यांचा) बफर ४८ किलोहर्ट्झवर एका बाजूलाच २१ मिलिसेकंद खातो, आणि आवाज जाऊन परत यायचा असतो. १२८ केलात तर २.७ होतील, पण जुन्या लॅपटॉपचा जीव जाईल. त्यापेक्षा डब्यावरचं डायरेक्ट मॉनिटर लावा, म्हणजे आवाज लॅपटॉपमधून न जाता थेट हेडफोनला येईल, आणि आर्डरमध्ये (Ardour, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

फर्मवेअरला (डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरला) शनिवारपर्यंत हात लावू नका. लिनक्सवरून अपडेट होतं, पण मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर डोक्याला ताप.
– साउंडवाला काका

---

काका, फोल्डर गेलं, हबही काढला. ‘ईआरआर’ शून्यावरच आहे. पण आता गायिकेला फक्त डाव्या कानात आवाज येतोय!
– सांस्कृतिक समिती

---

डायरेक्ट मॉनिटर स्टीरिओवर आहे, पहिला इनपुट डावीकडेच जाणार. मोनो करा. तबल्याचा माइक दुसऱ्या इनपुटला घ्या, आणि पेटीवाल्यांना माइकपासून हातभर लांब बसवा, भात्याचा आवाज फार येतो.
– काका